दम्याची औषधचिठ्ठी आणि विवेकी औषधयोजना



वाराणसीतील काशी हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेश व पश्चिम बिहारमधून रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयाकडे दूर गावचा दमेकरी बहुधा श्वास कोंडल्यावरच धाव घेतो. त्याला वाचविणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य होय. परंतु तो पुन्हा त्याच अवस्थेत येऊ नये, हे घरी जाताना त्याच्या हाती पडणाऱ्या औषधचिठ्ठीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

दमा म्हणजे श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाह. त्यावरील औषधांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. साल्ब्युटामॉलसारखी आरामदायी औषधे नलिकांचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतात. ब्युडेसोनाइडसारखी श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइड औषधे मूळ दाह कमी करतात. मात्र त्यांचा पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे रुग्ण आरामदायी औषध जपतो आणि नियंत्रक औषध सोडून देतो. धोका नेमका येथेच आहे.

तीव्र झटक्यात प्राणवायू, नेब्युलायझरद्वारे साल्ब्युटामॉल व इप्राट्रोपियम आणि गोळी वा इंजेक्शनवाटे स्टेरॉइड दिले जाते. संसर्गाची लक्षणे नसल्यास प्रतिजैविकाची सहसा गरज नसते. झटका ओसरल्यानंतर इनहेलर श्रेयस्कर ठरतो. साल्ब्युटामॉलची एक गोळी २ ते ४ मिलिग्रॅमची असते, तर इनहेलरच्या एका फवाऱ्यात केवळ १०० मायक्रोग्रॅम औषध असते. औषध थेट फुप्फुसात पोहोचत असल्याने अल्प मात्रा पुरते व दुष्परिणामही घटतात. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे.

‘जीना’ या आंतरराष्ट्रीय दमा उपक्रमाने २०१९ मध्ये प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये, अशी शिफारस केली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड तसेच ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल या संयुक्त औषधाचा समावेश आहे.

औषधचिठ्ठ्यांची तपासणी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये निर्देशक प्रसिद्ध केले. प्रत्येक चिठ्ठीतील औषधांची सरासरी संख्या आणि जेनेरिक नावे, प्रतिजैविके, इंजेक्शने व अत्यावश्यक सूचीतील औषधे यांची टक्केवारी हे त्यांतील पाच मुख्य निर्देशक होत. वैद्यकीय महाविद्यालयांचे औषधशास्त्र विभाग अशा पाहण्या करतात. तथापि दम्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : नियंत्रक औषध लिहिले गेले काय, आणि इनहेलर कसा वापरावा हे रुग्णाला प्रत्यक्ष दाखविले गेले काय?

२०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक होता. औषधे ज्ञात असूनही हे अंतर राहते, याचा अर्थ निदान, किंमत व समजावणी या तिन्ही पायऱ्यांवर काम उरले आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेने किमतीचा प्रश्न हाती घेतला. समजावणीसाठी मात्र डॉक्टरांनी रुग्णाला दिलेली पाच मिनिटेच उपयोगी पडतात.