मुलं लहान आहेत, समुद्रावर जावं का?


दिवाळीची सुट्टी जवळ आली,
की सोलापूरच्या घराघरांत गणपतीपुळ्याचे बेत सुरू होतात.

घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल,
तर आधी रस्त्याचा विचार करा.
मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट.
अख्खा दिवस गाडीत जातो.
घाटातल्या वळणांवर बऱ्याच मुलांना उलटी होते.
म्हणून कोल्हापुरात मुक्काम करा.
सकाळी, मुलांचं पोट हलकं असताना, घाट उतरा.

आता समुद्र.
गणपतीपुळ्याचं पाणी शांत वाटतं,
पण थोडं पुढे गेलं की एकदम खोल होतं.
तिथे माणसं बुडाली आहेत.
लाट मागे फिरते, तेव्हा पायाखालची वाळू सरकते.
मोठा माणूस सावरतो.
मूल पडतं.
म्हणून सांगते, मुलाचा हात सोडू नका.
भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसांना विचारा.

मूल अगदीच तान्हं असेल,
तर यंदा समुद्र राहू द्या, असंच मी म्हणेन.
हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी येतात, ते पाहायला जा.
सकाळी निघालात, तर संध्याकाळी घरी.

आणि समुद्रावर गेलातच,
तर पुन्हा सांगते,
मुलाचा हात सोडू नका.