विद्यार्थ्याचा रोजमेळ

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास तालुक्याच्या गावांतून मुले-मुली उच्च शिक्षणासाठी पुण्याला जातात. आई फराळाचे डबे बांधून देते, वडील खात्यात पैसे भरतात. परंतु ज्या घरात तीन-तीन पिढ्या कीर्द-खतावणी चालत आली, त्या घरातूनही मुलाच्या हाती जमाखर्चाची वही क्वचितच दिली जाते. दुकानात दहा रुपयांची तूट आली तर रात्री गल्ला पुन्हा मोजला जातो; चिरंजीवांना मात्र महिन्याकाठी दोन हजार रुपये कोठे गेले, हे सांगता येत नाही.

समजा, घरून महिन्याला १०,००० रुपये येतात. कॉट बेसिसवरील जागेचे ४,००० आणि खाणावळीचे ३,००० गेले की हाती ३,००० उरतात. हे सारे हातखर्चाचेच, असे विद्यार्थी समजतो आणि चूक येथेच होते. परीक्षा शुल्क, दिवाळीचा प्रवास, प्रकल्पाची छपाई, एखादे आजारपण हे खर्च दरमहा येत नाहीत, पण वर्षात आल्यावाचून राहत नाहीत. त्यांचे वर्षाचे १२,००० धरले तर दरमहा १,००० प्रथमच वेगळे काढावयास हवेत. खरी हातशिल्लक २,०००. आठवड्याला साधारण साडेचारशे.

२०१६ साली यूपीआय आले आणि व्यवहार सोपा झाला, हे मान्यच. पण खिशातील नोट मोडताना जो हात आखडत असे, तो आता आखडत नाही. म्हणून दोन खाती ठेवावीत. भ्रमणध्वनीला जोडलेल्या खात्यात एका आठवड्याचीच रक्कम असावी, बाकीची दुसऱ्या खात्यात.

बचतीच्या जागा लहान असतात. गावी जाणार असल्यास खाणावळीत आधी सांगून खाडे धरून घ्यावेत. पुष्कळजण संकोचाने सांगत नाहीत. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके मिळतात. मुलींना एस. टी.च्या भाड्यात २०२३ पासून निम्मी सवलत आहे. परंतु नवा फोन घेण्यासाठी रात्रीचे जेवण टाळून वडापाववर राहणे, ही काटकसर नव्हे. व्यापाराच्या भाषेत ती भांडवलातील घट होय.

कमाईची लाज बाळगण्याचेही कारण नाही. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले आणि मुलांना श्रम करीत शिकविले. पुणे विद्यापीठातही ‘कमवा व शिका’ योजना आहे. सधन घरातील मुलानेही एखादे सत्र ग्रंथालयात काम करून पाहावे. शंभर रुपयांना किती तास लागतात, हे त्याला प्रथमच कळेल.

आता थोडे कर्जाविषयी. शैक्षणिक कर्ज वाईट नाही, पण त्याचे व्याज शिक्षण चालू असतानाही चढत असते. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षे, दहा टक्के सरळव्याजाने उचल केली, तर चौथ्या वर्षाअखेर व्याजच एक लाख होते. पहिल्या वर्षी ते दरमहा सुमारे ८३३ रुपये असते. तेवढे भरत गेल्यास पुढचा डोंगर उभा राहत नाही.

क्रेडिट कार्डाचे गणित निराळे. थकबाकी १२,००० आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असेल, तर ४२० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४९६ रुपये. विद्यार्थ्याने ६०० रुपये भरले तरी मुद्दल अवघे १०४ रुपयांनी उतरते. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांचे व्याज तर याहूनही जड असू शकते, आणि ते उचलले जाते ते बहुधा वडिलांना कळू नये म्हणूनच.

येथे पालकांनाही दोन शब्द सांगावे लागतील. जुने गिऱ्हाईक उधारी चुकवू शकले नाही, तर शहाणा दुकानदार त्याला गादीवर बसवितो, चहा पाजतो आणि हप्ते बांधून देतो. स्वतःच्या मुलाने मात्र दोन हजारांची चूक कबूल केली की घर डोक्यावर घेतले जाते. मग पुढची वीस हजारांची चूक तो सांगत नाही. ती वसुलीवाल्याच्या फोनवरून कळते. गिऱ्हाइकाला जेवढा धीर मिळतो तेवढा पोटच्या मुलाला मिळू नये, हे काही बरे नव्हे.

विद्यार्थ्याने एक दोनशे पानी वही घ्यावी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रात्री शिल्लक. दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर दुकानाच्या चोपड्यांशेजारी तीही ठेवावी. पहिल्या वर्षी तिच्यात तूट दिसेल. वडिलांनी ती पाहावी आणि त्या दिवशी तरी काही बोलू नये.