ताट उलटून पाहूया

 

आज आम्ही ताटांबद्दल बोलणार आहोत. आपल्या रोजच्या स्टीलच्या ताटांबद्दल नाही, तर युरोपातल्या जुन्या, हाताने रंगवलेल्या चिनी मातीच्या ताटांबद्दल. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची ही ताटं आणि वाडगे लोक लिलावात बोली लावून घेतात आणि काचेच्या कपाटात जपून ठेवतात. त्यात सहसा कुणी जेवत नाही. मग एवढे पैसे कशाचे मोजतात? हे समजून घेतलं, तर आपल्या कामाचंही त्यात काही सापडतं.

चिनी माती म्हटलं की आपल्याला लोणच्याची बरणी आठवते. बरणी जाड असते. ही ताटं मात्र पांढरीशुभ्र आणि पातळ. उजेडासमोर धरलं तर मागच्या बोटांची सावली दिसते. या जातीला पोर्सलिन म्हणतात. चीनमध्ये ते शेकडो वर्षं बनत होतं, पण युरोपात त्याची खरी कृती कुणाला साधत नव्हती. जर्मनीतल्या सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस याने ब्यॉटगर नावाच्या तरुणाला कैदेत ठेवलं होतं, कारण त्याला सोनं बनवता येतं अशी बोलवा होती. सोनं काही झालं नाही. पण चिर्नहाउस या जाणत्या माणसाच्या सोबतीने काम करताना १७०८ च्या सुमारास त्याला पोर्सलिनची कृती सापडली. १७१० मध्ये माइसेन गावी कारखाना सुरू झाला.

तिथली एक गंमत सांगतो. माइसेनच्या चित्रकारांनी चिनी ताटांवरची फळं पाहून निळ्या रंगात एक नक्षी केली. फळं होती डाळिंबाची आणि पीचची. लोकांना ते कांदे वाटले! आजही ती नक्षी ‘निळा कांदा’ याच नावाने ओळखली जाते.

जुनी ताटं जमवणारा माणूस ताट हातात आलं की आधी ते उलटं करतो. पाठीवर खूण असते. माइसेनची खूण म्हणजे एकमेकींवर ठेवलेल्या दोन निळ्या तलवारी, सॅक्सनीच्या राजचिन्हातून घेतलेल्या. फ्रान्समधल्या सेव्र कारखान्याची खूण म्हणजे लुई राजाच्या नावाची गुंफलेली दोन अक्षरं. डेन्मार्कच्या कोपनहेगनची खूण म्हणजे तीन लाटा, त्या देशाच्या तीन सामुद्रधुन्यांच्या.

आपल्याकडेही भांड्यावर नाव असतंच की. लग्नात आलेल्या पातेल्यावर देणाऱ्याचं, घरच्या हंड्यावर घरधन्याचं. ज्या तांबटाने तो हंडा ठोकून घडवला, त्याचं नाव कुठे नसतं. युरोपातल्या बऱ्याच ताटांचीही हीच तऱ्हा. राजाची खूण ठळक, रंगवणारा हात कुणाचा ते कळायला मार्ग नाही.

सेव्रला मात्र एक चांगली रीत होती. रंगवणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची खूण ठरलेली असे. एखादं अक्षर, ठिपके, छोटंसं चिन्ह. राजाच्या खुणेजवळ ती घालायची. कारखान्याचे कागदही जपले गेले. त्यामुळे आज अभ्यासकांना पुष्कळ ताटांबद्दल सांगता येतं, की हे फूल अमक्याने रंगवलं, अमक्या वर्षी. त्या रंगवणाऱ्यांत बायकाही होत्या.

कोपनहेगनचा कारखाना १७७५ मध्ये निघाला, राणी युलियाने मारी हिच्या आधाराने. निळ्या फुलांची त्यांची नक्षी अजून हाताने काढतात. एका ताटावर कुंचल्याचे १,१९७ फटकारे मारावे लागतात, असं कारखाना सांगतो. हात बसायला काही वर्षं लागतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायकांनी केलं आहे, आणि ताटाच्या पाठीवर लाटांच्या शेजारी रंगवणारीची बारीक खूण असते. अलीकडे यातलं बरंच काम थायलंडला गेलं आहे.

याच कारखान्यात १७९० ते १८०२ या काळात डेन्मार्कच्या रानफुलांची चित्रं असलेली १,८०२ भांडी तयार झाली. बहुतेक सगळी बायर नावाच्या एकाच माणसाने रंगवली. त्यात त्याची नजर अधू झाली. प्रत्येक भांड्यामागे त्या झाडाचं नाव लिहिलेलं आहे.

काम हाताचं की छापील, हे कसं ओळखायचं? भिंगातून पाहायचं. हाताच्या रेघेत रंग कुठे दाट, कुठे विरळ असतो. दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतात. छापील नक्षीत बारीक ठिपके किंवा एकसारख्या रेघा दिसतात. पण नुसत्या खुणेवर विसंबायचं नाही, कारण माइसेनच्या तलवारींची नक्कल फार झाली आहे. काठाचा टवका उडालेला, सोनेरी रेघ पुसलेली, तडा लिंपलेला असेल, तर किंमत उतरते.

एक सूचना लक्षात ठेवा. जुन्या ताटांच्या रंगात शिसं असू शकतं. चिंच, लिंबू, ताक असं आंबट त्यात ठेवलं तर ते शिसं अन्नात उतरतं. म्हणून कुणाकडे जुनी रंगीत ताटं असतील, तर ती पाहण्यापुरतीच ठेवा. हैदराबादला सहल गेली, तर सालारजंग संग्रहालयात अशी भांडी जरूर बघा.

आता आपलं बघू. आपल्या गटातली बाई दोन-दोन महिने बसून गोधडी शिवते. विकत घेणारा चिंध्यांकडे बघून भाव करतो. टाके कुणाचे, दिवस किती लागले, हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून आपल्यालाही धड सांगता येत नाही. पुढच्या बैठकीत एवढं करूया. प्रत्येक गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात शिवणारीने आपलं नाव किंवा आपली खूण टाक्याने घालायची. गटाच्या वहीत नाव, महिना आणि लागलेले दिवस लिहायचे. भाव लगेच वाढेल, असं आम्ही म्हणत नाही. पण भाव सांगताना आपल्या हाती वही असेल. आणि पन्नास वर्षांनी कुणी ती गोधडी उलटून पाहिली, तर ती कुणी शिवली ते तिथे लिहिलेलं असेल.

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी फूल काढा, तुळस काढा. चालेल.