घाट, वारा आणि गोदेचा पूर



संयोजक म्हणाले, सध्या काय करतेस ते सांग. नोकरी सॉफ्टवेअरचीच आहे. पण गेली काही वर्षं फावल्या वेळात मी डोंगर आणि वारा यांचं गणित शिकते आहे.

नाशिक पर्जन्यछायेत येतं, हे आपण भूगोलात घोकलं होतं. आता गंमत बघा. इगतपुरी आणि नाशिक, दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. तरी तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे ७०० च्या आसपास. म्हणजे उंचीपेक्षा चढ महत्त्वाचा. समुद्रावरचं वारं कसाऱ्याचा घाट चढतं, गार होतं आणि बरंचसं ओझं माथ्यावरच टाकतं. पुढे हवा खाली उतरते, तापते, ढग विरतात.

१९६६ मध्ये आर. पी. सरकार यांनी घाटावरचा हा पाऊस समीकरणांतून काढून दाखवला. १९८४ मध्ये ग्रॉसमन आणि डुरान यांनी मांडलं की घाटाच्या अडथळ्याने वारा समुद्रावरच मंदावतो आणि किनाऱ्याअलीकडेच ढग उभे राहतात. डोंगर दूर असतानाच वाऱ्याला त्याची चाहूल लागते! मला हे फार आवडतं.

हवामानाचं मॉडेल म्हणजे जमिनीवर अंथरलेली जाळी. १२ किलोमीटरच्या चौकटीत अंजनेरी, ब्रह्मगिरी सरासरीत विरघळतात. कसाऱ्याचा कडा साधा उतार होतो. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली, पुण्याच्या आयआयटीएममध्ये तयार झालेली. मोठंच काम आहे. तरी आपल्या डोंगरांसाठी ही जाळीही जाडच, असं माझं मत. डोंगर नीट उमटायला त्याच्या रुंदीत अनेक चौकटी बसाव्या लागतात.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. त्र्यंबककडे कोसळलं, गंगापूर भरलं, विसर्ग वाढला, की शहरात नुसती भुरभुर असली तरी दुतोंड्या मारुती पाण्यात जातो आणि भांडीबाजारातले दुकानदार माल वर चढवू लागतात. पण त्र्यंबकच्याच डोंगरांत वैतरणाही उगम पावते आणि पश्चिमेला जाते. अंदाजातला पाऊस दोन-तीन चौकटी सरकला, तर तेच पाणी गोदेऐवजी वैतरणेत मोजलं जातं. एकूण पावसाचा आकडा बरोबर, आणि पुराचा इशारा चुकलेला! सध्या मी याच दोन-तीन चौकटींमागे लागले आहे.

बाकीचं जेवताना बोलू. पंगत खोळंबली आहे.