दुसरा नळ



इंदूरला नर्मदा आली ती १९७८ साली. जलूदपासून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. इतक्या सायासाने आणलेल्या, गाळून शुद्ध केलेल्या पाण्याचे आपण काय करतो? भारतीय मानकांनी संडासात ओतण्यासाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घरात ही सव्वादोनशे लिटर नर्मदा झाली. आणि तिला आपण मैया म्हणतो!

स्नानाचे, धुण्याचे पाणी शुद्ध करून तेथे वापरता येते. अडते ते नळांपाशी. त्यासाठी वेगळी टाकी, वेगळे नळ हवेत. बांधकाम चालू असताना हा खर्च थोडा. मागाहून मात्र भिंती आणि फरशा फोडाव्या लागतात, आणि ते सहसा कोणी करीत नाही. म्हणून ही गोष्ट मालकाच्या सदिच्छेवर न सोडता नकाशाच्या मंजुरीची अट असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे १९९१ पासून उंच इमारतींत असे पाणी वापरले जाते. तेथे त्याचे नळ जांभळे असतात, पिण्याच्या नळाशी चुकून सांधा जुळू नये म्हणून. हा धोका मी लहान मानीत नाही. सांधे तपासणारा जाणता माणूस नसेल, तर अट असूनही लोक आजारी पडतील.

आपल्या शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा अद्याप मंजुरीस गेलेला नाही. त्यात हा दुसरा नळ दाखवावा, अशी कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे.