शर्करा फॉस्फेटे आणि पेशीविना चालणारा कारखाना
(भाषणाचा मजकूर)



साखरेपासून शरीराला ऊर्जा मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती ऊर्जा हाती येण्यापूर्वी पेशी साखरेच्या रेणूवर एक संस्कार करते. ती त्याला फॉस्फेटाचा गट जोडते. अशा साखरेस शर्करा फॉस्फेट म्हणतात. या जोडणीने साखर पुढील क्रियांसाठी सज्ज होते. शिवाय फॉस्फेटावरील विद्युत्भारामुळे ती पेशीच्या पटलातून सहजासहजी बाहेर निसटू शकत नाही.

पेशीची ही सोय उद्योगाची मात्र अडचण ठरते. दुर्मिळ साखरा आणि काही औषधी द्रव्ये तयार करण्यासाठी शर्करा फॉस्फेटांचा उपयोग होतो. यीस्टच्या टाकीतून मद्यार्क मिळतो, कारण तो पेशीबाहेर पडतो. शर्करा फॉस्फेट आतच राहते आणि पेशी ते स्वतःच्या निर्वाहासाठी खर्च करून टाकते. केवळ रासायनिक मार्गही सोपा नाही. ग्लुकोजच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट पाच. त्यांपैकी नेमक्या एकाला फॉस्फेट जोडायचे तर उरलेल्या चारांना आधी झाकावे आणि नंतर उघडावे लागते. एंझाइमाला मात्र ती जागा अचूक ओळखता येते. मग पेशी वगळून तिच्यातील एंझाइमेच कामाला लावली तर?

या प्रश्नाचे मूळ बरेच जुने आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तेव्हा रसातून बुडबुडे येऊ लागले. जिवंत पेशीवाचूनही किण्वन होते, हे १८९७ मध्ये त्यांनी जाहीर केले आणि त्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर हार्डेन व विल्यम यंग यांना आढळले की, अशा रसातील मंदावलेले किण्वन फॉस्फेट घालताच पुन्हा जोर धरते आणि घातलेले फॉस्फेट साखरेशी जोडले जाते. शर्करा फॉस्फेटांची ओळख झाली ती अशी पेशीविना चाललेल्या प्रयोगातूनच.

आज अशी अनेक एंझाइमे एकाच भांड्यात क्रमाने काम करतात. धरणाच्या कामावर मजुरांची रांग घमेले हातोहात पुढे देते, तद्वत एका एंझाइमाने घडविलेला पदार्थ दुसरे उचलते. रांगेतला एक हात मंदावला की त्याच्यामागे ढीग साचतो. म्हणून प्रत्येक एंझाइमाचे प्रमाण जुळवावे लागते.

या पद्धतीचा खरा प्रश्न खर्चाचा आहे. हेक्झोकायनेज हे एंझाइम ग्लुकोजला फॉस्फेट जोडते, परंतु ते फॉस्फेट एटीपी या महाग रेणूकडून घेते. प्रत्येक रेणूमागे नवा एटीपी विकत घेणे कोणत्याही धंद्यास परवडणार नाही. अमेरिकेत जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲसिटिल फॉस्फेटाच्या साहाय्याने वापरलेला एटीपी पुन्हा घडविण्याच्या रीती सिद्ध केल्या. फॉस्फेटांची लांब साखळी असलेले स्वस्त पॉलिफॉस्फेटही या कामी येते. थोडासा एटीपी मग पुनःपुन्हा वापरता येतो.

एटीपीला सर्वस्वी फाटा देणारा मार्गही आहे. कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने १९३६ मध्ये ग्लुकोज-१-फॉस्फेट शोधून काढले. स्टार्च किंवा ग्लायकोजेन यांची साखळी पाण्याऐवजी साध्या फॉस्फेटाने तोडणारे फॉस्फोरिलेज हे एंझाइम ते घडविते. साखळीच्या बंधात असलेली ऊर्जाच येथे उपयोगी पडते. या पद्धतीचे औद्योगिक रूप चीनमधील तियानजिन येथील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी चार एंझाइमांच्या रांगेने स्टार्चपासून इनॉसिटॉल हे पोषणद्रव्य बनविले आणि २०,००० लिटरच्या टाकीत ते करून दाखविले. जुन्या रीतीत धान्यातील फायटिनचे उच्च तापमानात व दाबाखाली विघटन करतात आणि फॉस्फरसयुक्त सांडपाणी मागे उरते. नव्या रीतीत शेवटचे एंझाइम फॉस्फेट सोडवून घेते व ते पहिल्या पायरीसाठी पुन्हा उपलब्ध होते. ही शेवटची क्रिया मागे फिरत नाही. म्हणून आधीच्या दोन्ही दिशांना चालणाऱ्या क्रियाही पुढेच ओढल्या जातात. शर्करा फॉस्फेट हाच जेथे विकावयाचा माल असतो, तेथे मात्र फॉस्फेट मालाबरोबर जाते आणि नव्याने पुरवावे लागते.

मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. जिवंत पेशी आपली झिजलेली एंझाइमे स्वतः बदलते. भांड्यातील एंझाइमे झिजतात ती कायमची. म्हणून उष्ण झऱ्यांतील सूक्ष्मजीवांची टिकाऊ एंझाइमे निवडतात, किंवा एंझाइमे घन आधारावर बसवून ती पुन्हा वापरतात. एंझाइम किती काळ टिकते, यावरच पुष्कळदा मालाची किंमत ठरते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला एक वेगळे महत्त्व आहे. सुक्रोज फॉस्फोरिलेज हे एंझाइम उसाच्या साखरेपासून एटीपीवाचून ग्लुकोज-१-फॉस्फेट घडविते आणि सोबत फ्रुक्टोज मोकळे करते. ऊस आणि मका ही दोन्ही पिके आपल्या शेतकऱ्याच्या हाती आहेत. दुसऱ्या बाजूस, आपल्या देशाची रॉक फॉस्फेटची गरज मुख्यतः आयातीवर भागते. तेव्हा शेतमालाला नवे मोल देणारी आणि फॉस्फेट वाया न घालविणारी रीत आपल्या प्रयोगशाळांनी व सहकारी कारखान्यांनी बारकाईने तपासून पाहणे अगत्याचे आहे. साखरेच्या पोत्याला बाजारभाव मिळतोच. त्याच साखरेतून अधिक मोलाचा रेणू घडविण्याचे ज्ञान येथे रुजले, तर त्या मोलातला वाटा ऊस पिकविणाऱ्यापर्यंत पोहोचविण्याचा मार्गही शोधता येईल.