जंत कुणाच्या पोटात?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकानं आपापल्या कामाविषयी थोडं बोलावं असं संयोजकांनी ठरवलं आणि माझं नाव नेमकं जेवणाच्या आधी घातलं. त्यांना माझा विषय नीट माहीत नसावा. मी प्राणिशास्त्र शिकवलं, आणि शिकवण्यातून उरलेला सगळा वेळ रानातल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या पोटातले जंत शोधण्यात घालवला. मासे, बेडूक, साप, पक्षी, घुशी, वटवाघळं, जे हाती येईल ते. आज जेवणात श्रीखंड आहे असं कळलं, तेव्हा वर्णनं बेतानंच करते.

जंत ज्याच्या शरीरात राहतो त्याला आमच्या शास्त्रात यजमान म्हणतात. पूजेला बसतो तोच शब्द. फरक इतकाच की या यजमानानं कुणाला आमंत्रण दिलेलं नसतं. एखादा कृमी आजवर ज्या प्राण्यात कुणाला सापडलेला नाही अशा प्राण्यात सापडला, तर त्याला आम्ही "नव्या यजमानाची नोंद" म्हणतो. संशोधनपत्रिकेत ती अर्ध्या पानात मावते. घरच्यांना ती दाखवली की ते "बरं" म्हणतात आणि चहा टाकतात. ही अर्ध्या पानाची नोंद कशासाठी करायची, एवढंच आज सांगायचं आहे.

गोष्ट एका वाघापासून सुरू होते. हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात भारतातून नेलेला एक वाघ मेला. त्याच्या फुप्फुसात कॉफीच्या बीएवढे गुबगुबीत पर्णकृमी सापडले. कर्बर्ट या प्राणिशास्त्रज्ञानं १८७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि संग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांचं नाव त्या कृमीला दिलं. आज आपण त्याला पॅरागोनिमस वेस्टरमनी म्हणतो. म्हणजे पहिली नोंद माणसातली नव्हे, वाघातली. पुढच्याच वर्षी फोर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, रिंगर नावाच्या डॉक्टरला शवविच्छेदन करताना माणसाच्या फुप्फुसात असाच कृमी दिसला. वाघाला जे होतं ते माणसालाही होतं, हे असं कळलं. पण वाघाला आणि माणसाला ते होतं कुठून, हे कळायला आणखी कित्येक वर्षं गेली. थुंकीतून किंवा विष्ठेतून अंडं पाण्यात जातं, तिथून गोगलगाईत, गोगलगाईतून खेकड्यात. खेकडा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला की कृमी आतड्याची भिंत भेदून फुप्फुसापर्यंत पोचतो. एका कृमीला तीन यजमान लागतात, आणि तिन्ही ओळखीचे झाल्याशिवाय रोग समजत नाही.

आता मणिपूरला चला. तिथं खोकल्यातून रक्त पडणारे रुग्ण होते. रक्ताची थुंकी, छातीच्या फोटोत डाग. असं दिसलं की आपल्या देशात डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव क्षयाचंच येतं, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. क्षयाची औषधं सुरू व्हायची, महिनोन् महिने चालायची आणि गुण यायचा नाही. १९८०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी थुंकीत या कृमीची अंडी दाखवून दिली. हा अ‍ॅमस्टरडॅमच्या वाघातल्या कृमीचा भाऊबंद, त्याच वंशातला, आणि वाट तीच, नीट न शिजवलेल्या खेकड्याची. त्याच्यावर प्राझिक्वांटेल नावाचं औषध आहे आणि ते थोड्या दिवसांत काम करतं. क्षयाची औषधं फुकट खाल्लेल्या माणसाला विचारा, "या प्राण्यात हा कृमी असतो" ही अर्ध्या पानाची नोंद केवढ्याची आहे ते. (समोरून कोकणातली मंडळी काळजीनं बघताहेत. खेकड्याचा रस्सा खदखदून उकळत असेल तर निर्धास्त खा.)

दुसरी गोष्ट घराजवळची. नारू आपल्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. पायावरच्या फोडातून निघणारा पांढरा दोरा, काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा, तुटला तर पाय सुजायचा. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी फडक्यानं गाळून प्या, असं घरोघरी सांगितलं जायचं, कारण पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवातून तो पोटात जातो. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८६ मध्ये जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता. तो आकडा काही डझनांवर आला. लस नाही, औषध नाही, मुख्यतः पाणी गाळून आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देऊन. या मोहिमेचा सगळा भरवसा एका गोष्टीवर होता, की नारूचा खरा यजमान माणूस, दुसरा कुणी नाही.

आणि मग आफ्रिकेतल्या चाडमध्ये, दहा वर्षं एकही रुग्ण नोंदला गेला नसताना, नारू परत दिसला. २०१२ पासून तो कुत्र्यांत दिसू लागला. २०१६ साली एकट्या चाडमध्ये हजारावर कुत्रे बाधित होते, आणि माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कृमी तोच, हे जनुकीय तपासणीतूनही स्पष्ट झालं. मग शोध सुरू झाला की कुत्र्याला तो कुठून मिळतो. फेकून दिलेली माशाची आतडी, किंवा बेडूक, असा संशय आला. त्या शोधात रानातला एक बेडूक उघडला आणि त्यात नारूची अळी सापडली. नव्या यजमानाची नोंद! तिथं माशाची घाण पुरून टाका आणि कुत्रे बांधून ठेवा, असं सांगायला सुरुवात झाली. निर्मूलनाची मुदत मात्र आता २०३० पर्यंत पुढे गेली आहे. शेवटच्या टप्प्यात एक यजमान नजरेआड राहिला की असं होतं.

आता प्रत्यक्ष काम. मेलेला प्राणी मिळाला की आधी तो कोण, नर की मादी, कुठं, केव्हा, हे लिहायचं. मग जठर, आतडी, यकृत, फुप्फुसं, मूत्राशय, प्रत्येक अवयव वेगळ्या बशीत, मिठाच्या पाण्यात उघडायचा. एकत्र केलं की संपलं, कारण कोणता कृमी कुठं होता हे पुन्हा कधीच कळत नाही. पाणी ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं ओतून टाकायचं, असं पाणी स्वच्छ होईपर्यंत. मग कृमी उचलायचे. आणि इथं प्रत्येकाचे नखरे वेगळे. गोलकृमी गरम अल्कोहोलमध्ये टाकला की सरळ होतो, गारात टाकला तर वेटोळं करून मरतो आणि मग त्याचं काहीच मोजता येत नाही. काटेरी सोंडेच्या कृमीला साध्या गार पाण्यात तासन् तास ठेवायचं म्हणजे सोंड बाहेर येते. त्याची ओळख सोंडेवरच्या काट्यांच्या रांगा मोजून पटते, सोंड आतच राहिली तर तो निनावीच. पट्टकृमीचं डोकं आतड्याला घट्ट धरून असतं. ओढलं तर तुटतं, आणि डोक्याशिवायचा पट्टकृमी म्हणजे फोटोशिवायचं ओळखपत्र. चिठ्ठी बाटलीच्या आत, आणि पेन्सिलीनं लिहिलेली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

पूर्वी प्राणी मारून हे होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसं करता येत नाही, आणि ते योग्यच झालं. आता आमची भिस्त रस्त्यावर गाडीखाली आलेल्या प्राण्यांवर, वन खात्याच्या शवविच्छेदनावर, बाजारातल्या माशांवर आणि विष्ठेच्या नमुन्यांवर. त्यालाही रीतसर परवानगी लागते. तुमच्यापैकी कुणाला रस्त्यात मेलेलं उदमांजर दिसलं तर मला आणून देऊ नका, वन खात्याला कळवा.

नमुने थोडेच मिळतात, त्यामुळे एक हिशोब सतत डोक्यात ठेवावा लागतो. गणिताचे सर समोर बसले आहेत, त्यांनी तपासून पाहावा. समजा दहा सापांमागे एकाला एखादा कृमी आहे. आपण दहा साप तपासले. एकातही तो न सापडण्याची शक्यता किती? ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. तीस तपासले तर ४ टक्के. म्हणून "या प्राण्यात हा कृमी नाही" हे वाक्य लिहिताना हात थांबला पाहिजे. पण किती प्राणी तपासले आणि काही मिळालं नाही, हेही लिहायलाच हवं. रिकाम्या पोटांची नोंद कुणी करत नाही, आणि मग पुढच्याला वाटतं की कुणी पाहिलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती "नवा यजमान" खरा की खोटा यावर. सापानं बेडूक गिळला, बेडकाच्या पोटातले कृमी सापाच्या जठरात सुटले आणि आपण तेवढ्यात साप उघडला. सापडले खरे, पण ते सापाचे नव्हेत. ते पाहुण्याच्या पिशवीतले.

आपल्या उसातल्या बिबट्याचंच घ्या. अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचा आहार काढला. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबात ८७ टक्के आहार पाळीव प्राण्यांचा, त्यात एकटे कुत्रे ३९ टक्के. आता अशा बिबट्याच्या विष्ठेत टॉक्सोकारा या गोलकृमीची अंडी मिळाली, तर ती कुणाची? मांजरकुळात राहणारी एक जात आहे, कुत्र्यात राहणारी दुसरी, आणि दोघींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखी दिसतात. खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यातली अंडी बिबट्यातून जशीच्या तशी बाहेर पडू शकतात. घाईनं "बिबट्या : नवा यजमान" असं छापून आलं की पुढचे दहाजण तेच उतरवतात. मला विचाराल तर नोंद तेव्हाच करावी, जेव्हा पूर्ण वाढलेला, पोटात अंडी असलेला कृमी, त्याच्या नेहमीच्या अवयवात, एकापेक्षा अधिक प्राण्यांत मिळतो. विष्ठेतल्या अंड्यांवरून काही म्हणायचं असेल तर निदान डीएनए तपासून. माझं हे मत काही सहकाऱ्यांना जाचक वाटतं. वाटू दे.

आणि नुसता कृमी जपून भागत नाही, यजमानही जपावा लागतो. जुन्या शोधनिबंधांत बेडकाचं नाव "राना लिम्नोकॅरिस" असं ठोकून दिलेलं असतं. त्या एका नावाखाली भारतात बेडकांच्या कितीतरी जाती एकत्र घातलेल्या होत्या, हे नंतर उघड झालं. पश्चिम घाटातून तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बेडकांच्या नव्या जातींची रांग लागली आहे. मग ५० वर्षांपूर्वीचा तो कृमी नक्की कोणत्या बेडकातला? बेडूक बाटलीत असेल तर आजही सांगता येईल. फेकून दिला असेल तर कृमीचं सुंदर रंगवलेलं स्लाइड हातात असूनही नोंद अधांतरी.

जुन्या बाटल्यांतून काय निघतं, याचं एक उदाहरण देते. अमेरिकेत चेल्सी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्युजेट साउंड या खाडीतले, संग्रहालयांत ठेवलेले मासे उघडले. सर्वांत जुना १८८० चा, शेवटचे २०१९ चे. ज्या कृमींना जीवनचक्र पुरं करायला तीन किंवा अधिक यजमान लागतात, ते या काळात घटत गेलेले दिसले, आणि समुद्राचं तापमान वाढत गेलं तसे घटले. लांब साखळीतली एक कडी निखळली की कृमी जातो. ज्यांनी ते मासे ठेवले त्यांच्या मनात जंत नव्हतेच, पण तारीख आणि ठिकाण त्यांनी लिहून ठेवलं होतं.

आता कामाचं बोलते. काल मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी आपल्या प्रयोगशाळेतलं कोपऱ्यातलं कपाट उघडून पाहिलं. त्यात फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या अकरा बाटल्या अजून धड आहेत. दोन बेडूक, एक पाणदिवड, एक नानेटी, वटवाघूळ, मासे. फॉर्मालिनमुळे डीएनए मिळणं कठीण, पण पोटातल्या कृमींचा आकार टिकलेला असू शकतो. पाणदिवड बेडूक आणि मासे खाते, तिच्याकडून मला आशा आहे. चिठ्ठ्या मात्र फक्त चार बाटल्यांवर वाचता येतात. बाकीच्यांत शाई उडून गेली आहे.

यातले बरेचसे प्राणी आपल्याच वर्गातल्या मुलांनी आणून दिले होते, हे मला आठवतं. कुणी ओढ्यावरून, कुणी विहिरीतून, कुणी भाताच्या खाचरातून. बाटल्या दुपारी प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडून ठेवल्या आहेत, शेजारी वही आणि पेन्सिल आहे. ज्यांना आपली बाटली ओळखता येईल त्यांनी गाव, जागा आणि साल लिहावं. साल नक्की नसेल तर आपण कितवीत होतो ते लिहा, पुढचं मी काढीन. पाणदिवड कुणी आणली होती, ते मात्र मला जेवणाच्या आधीच सांगा.